खोकताना निसटणारी लघवी : निदानाची सोपी वाट आणि तिचे महत्त्व

रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी यांविषयी आज घरोघरी मोकळेपणाने बोलले जाते. स्तनांच्या कर्करोगाविषयीही आता पूर्वीइतका संकोच राहिलेला नाही. मात्र स्त्रियांची एक तक्रार अजूनही सरळ शब्दांत डॉक्टरांपर्यंत क्वचितच पोहोचते. खोकताना, शिंकताना, हसताना किंवा वजन उचलताना नकळत लघवी निसटणे, ही ती तक्रार होय. तिने जिवाला धोका नसतो. परंतु जगण्याचा परीघ हळूहळू आकसत जातो. अशी स्त्री लांबचा प्रवास टाळते, लग्नकार्यात मागच्या रांगेत आणि दाराजवळ बसते, देवदर्शनाला जाणे सोडते, कामावर असताना पाणी पिणे कमी करते. घरातील मंडळींना वाटते की वयानुसार स्वभाव बदलला.

या लेखात उपचारांपेक्षा निदानावर अधिक भर दिला आहे. त्याची कारणे दोन. एक, हे निदान बहुतेक वेळा महागड्या यंत्राविना होऊ शकते. दोन, ते नीट झाले नाही तर पुढचे सारे उपचार, प्रसंगी शस्त्रक्रियाही, वाया जाते.

नावातील गोंधळ

इंग्रजी वैद्यकीय परिभाषेत या विकाराच्या नावात 'स्ट्रेस' हा शब्द आहे. त्याचे भाषांतर 'ताण' असे होते आणि तेथेच गैरसमजाला सुरुवात होते. चिठ्ठीवरचे नाव वाचून अनेकांना वाटते की घरातील काळज्या किंवा मानसिक ताणामुळे हा त्रास होतो आणि मन शांत ठेवले की तो जाईल. येथे 'स्ट्रेस' म्हणजे पोटातील दाब. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी या संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्येनुसार, श्रम करताना, शिंकताना किंवा खोकताना इच्छेविरुद्ध लघवी गळण्याची तक्रार म्हणजे हा विकार. म्हणून या लेखात त्याला 'दाबजन्य गळती' असे म्हटले आहे.

याचे एक भावंडही आहे. लघवीची एकाएकी तीव्र भावना होते आणि शौचालयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कपडे ओले होतात. तिला 'घाईची गळती' म्हणू. काही स्त्रियांमध्ये दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. ती 'मिश्र गळती'. कपडे ओले होणे तिन्हींत सारखेच असले तरी कारणे वेगळी आहेत आणि म्हणून उपचारही वेगळे आहेत. निदानाचे मुख्य काम हा फरक ओळखणे हेच आहे.

शरीराची रचना

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. प्रौढ व्यक्तीच्या मूत्राशयात साधारणतः ४०० ते ५०० मिलीलिटर लघवी मावते. स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा असतो. तो आवळून धरणारा एक स्नायू असतो आणि त्याच्या खाली ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू व पडदे असतात. आपण खोकतो तेव्हा पोटातील दाब क्षणात वाढतो आणि मूत्राशयावर येतो. खालची झोळी घट्ट असेल तर त्याच क्षणी मूत्रमार्ग तिच्यावर दाबला जाऊन बंद राहतो. पाण्याची रबरी नळी फरशीवर ठेवून पायाने दाबली तर पाणी थांबते. तीच नळी चिखलावर ठेवून दाबली तर नळी चिखलात रुतते आणि पाणी वाहतच राहते. झोळी सैल झाली की मूत्रमार्गाचे असेच होते.

ही झोळी सैल होण्याची कारणे नित्याचीच आहेत : योनिमार्गे झालेली बाळंतपणे, विशेषतः लांबलेली किंवा चिमट्याने केलेली प्रसूती, वाढते वय, स्थूलपणा, जुनाट खोकला व दमा, दीर्घकाळची बद्धकोष्ठता, आणि वर्षानुवर्षे उचललेली ओझी. घाईच्या गळतीत झोळी शाबूत असू शकते. तेथे मूत्राशयाचा स्नायूच वेळी-अवेळी आकुंचन पावत असतो.

पहिली पायरी : ऐकणे आणि विचारणे

आपल्याकडे ही तक्रार आडवळणाने सांगितली जाते. रुग्ण येते ती कंबरदुखी, अशक्तपणा किंवा 'अंगावर पांढरे जाते' असे सांगत. उठताना, दाराशी पोहोचल्यावर, हळूच एखादे वाक्य येते. म्हणून खोकल्याच्या, मधुमेहाच्या किंवा बाळंतपणानंतरच्या तपासणीसाठी आलेल्या स्त्रीला डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने स्वतःहून विचारणे इष्ट ठरते. प्रश्न साधा असावा : 'खोकताना किंवा शिंकताना कपडे ओले होतात का?'

स्त्रिया जे शब्द वापरतात तेही दिशा दाखवतात. 'लघवी निसटते' म्हणणारी स्त्री बहुधा दाबजन्य गळतीचे वर्णन करीत असते, तर 'लघवी धरवत नाही' म्हणणारी बहुधा घाईच्या गळतीचे. परंतु केवळ शब्दावर विसंबून चालत नाही. पुढील प्रश्न विचारावेच लागतात. गळती नेमकी कोणते काम करताना होते? त्याआधी लघवीची भावना होते का? थेंबभर जाते की कपडे पूर्ण भिजतात? रात्री किती वेळा उठावे लागते? दिवसातून किती कापडी घड्या किंवा पॅड बदलावे लागतात? बाळंतपणे किती व कशी झाली? पाळी गेली आहे का? पूर्वी गर्भाशयाची वा मूत्राशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का?

चालू औषधांची चौकशीही येथेच होते. रक्तदाबासाठी दिले जाणारे प्राझोसिन मूत्रमार्ग आवळणारा स्नायू सैल करते. एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातील गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि त्या खोकल्याने गळती उघडी पडते. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्यांचाही परिणाम होतो. अशा वेळी औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. रुग्णाने गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

गळतीचा आणखी एक प्रकार वेगळा ओळखला पाहिजे. लघवी खोकल्याशी वा घाईशी संबंध न ठेवता रात्रंदिवस ठिबकत असेल, तर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडले असण्याची शक्यता असते. त्याला फिस्टुला म्हणतात. अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर असे होऊ शकते. मूत्राशयात निळा रंग भरून आणि योनिमार्गात कापसाचे बोळे ठेवून हे छिद्र शोधता येते. त्यावर वेगळी शस्त्रक्रिया आहे आणि व्यायामाने ते बरे होत नाही.

दुसरी पायरी : तीन दिवसांची नोंद

निदानाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे एक वही आणि एक मोजपात्र. रुग्णाने किमान सलग तीन दिवस, कामाचा आणि सुटीचा असे दोन्ही प्रकारचे दिवस येतील अशा रीतीने, पुढील गोष्टी लिहावयाच्या असतात : किती वाजता आणि किती पाणी, चहा वा ताक प्याले; किती वाजता लघवी केली आणि ती किती भरली; गळती कधी झाली आणि त्या वेळी काय चालले होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीसाठी नातवंडाने नोंद ठेवावी किंवा उभ्या रेघा आणि फुल्या यांनी काम भागवावे. पिण्याचे माप फुलपात्राने मोजले तरी चालते. मात्र फुलपात्र नेहमी एकच असावे.

अशा नोंदीतून काय कळते, हे पाहण्यासाठी तीन स्त्रिया डोळ्यांसमोर आणू. तिघींचीही तक्रार एकच आहे : 'लघवीवर ताबा राहत नाही.'

पहिली ३८ वर्षांची असून शेतात काम करते. तिच्या वहीत दिवसाला सात वेळा लघवी आणि प्रत्येक वेळी २५० ते ४०० मिलीलिटर अशी नोंद आहे. रात्री ती उठत नाही. गळतीच्या फुल्या पाण्याची कळशी उचलताना, खोकताना आणि बांधावरून उडी मारताना आहेत. हे दाबजन्य गळतीचे चित्र होय.

दुसरी ६१ वर्षांची आहे. ती दिवसातून चौदा वेळा जाते, प्रत्येक वेळी ८० ते १५० मिलीलिटरच भरते आणि रात्री तिनदा उठते. गळतीच्या फुल्या कुलूप उघडताना, नळाचा आवाज ऐकताना आणि शौचालयाच्या वाटेवर आहेत. मूत्राशय भरण्याआधीच आकुंचन पावते आहे. ही घाईची गळती होय.

तिसरी ५० वर्षांची. तीही वारंवार जाते. पण दर वेळी भरपूर लघवी होते आणि चोवीस तासांची बेरीज तीन लिटरच्या पुढे जाते. येथे आधी रक्तातील साखर तपासली पाहिजे आणि ती किती पाणी पिते हे पाहिले पाहिजे. दोष मूत्राशयात नसून अन्यत्र असण्याची शक्यता आहे.

तोंडी माहितीवरून तिघींना एकच औषध मिळाले असते. वहीने त्यांच्या वाटा वेगळ्या केल्या.

तिसरी पायरी : तपासणीची खोली

लघवीची साधी तपासणी सर्वांचीच करावी लागते. जंतुसंसर्ग, साखर आणि रक्त यांचा त्यात शोध घेतला जातो. संसर्ग असल्यास तो आधी बरा करून मगच गळतीचा विचार करणे योग्य. संसर्ग नसताना लघवीत रक्त आढळल्यास त्याचे कारण शोधणे अत्यावश्यक असते, कारण मूत्राशयाचा कर्करोगही त्यामागे असू शकतो.

त्यानंतर येते खोकल्याची चाचणी. या आजाराच्या निदानात तिचे मोल फार मोठे आहे आणि खर्च जवळजवळ शून्य. रुग्णाला मूत्राशय भरलेले असताना तपासणीच्या टेबलावर झोपवतात आणि जोराने खोकावयास सांगतात. खोकल्याच्या त्याच क्षणी मूत्रमार्गातून लघवी उडाली आणि खोकला थांबताच तीही थांबली, तर दाबजन्य गळती डोळ्यांनी दिसली असे म्हणता येते. खोकल्यानंतर क्षणभराने लघवी सुरू होऊन काही वेळ वाहत राहिली, तर खोकल्याने मूत्राशयाचा स्नायू चाळवला गेला असा अर्थ होतो. ती घाईच्या जातीची गळती. झोपून काहीच दिसले नाही तर उभे करून चाचणी पुन्हा करावी. येथे एक साधी चूक वारंवार होते. रुग्ण संकोचाने तपासणीआधी लघवीला जाऊन येते आणि रिकाम्या मूत्राशयावर चाचणी निष्फळ ठरते. म्हणून तपासणीला येताना मूत्राशय भरलेले असू द्यावे, ही सूचना आधीच दिली पाहिजे.

याच वेळी योनिमार्गाची तपासणी होते. अंग खाली आले आहे का, पाळी गेल्यानंतर त्वचा पातळ व कोरडी झाली आहे का, पोटात गाठ आहे का, हे पाहिले जाते. ज्यांचे अंग बरेच बाहेर येते त्यांच्यात एक फसवी परिस्थिती आढळते. बाहेर आलेल्या भागामुळे मूत्रमार्गाला मुरड पडते आणि गळती झाकली जाते. अंग आत सारून खोकावयास सांगितले की ती उघड होते. हे आधी न पाहिल्यास अंगाची शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रुग्ण घरी जाते ती नवी तक्रार घेऊन.

झोळीच्या स्नायूंची ताकदही बोटाने अजमावली जाते. स्नायू आवळून वर ओढावयास सांगितले असता काही स्त्रिया उलट खाली जोर लावतात. त्यांना व्यायाम केवळ तोंडी सांगून उपयोग नसतो. योग्य स्नायू कोणता हे तपासणीतच दाखवून द्यावे लागते.

अखेरीस, लघवी केल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते हे सोनोग्राफीने किंवा बारीक नळीने पाहता येते. शिल्लक १५० मिलीलिटरहून अधिक असल्यास मूत्राशय नीट रिकामे होत नाही असे समजून पुढील तपास केला जातो. पायांतील अशक्तपणा, बैठकीच्या जागी बधिरपणा किंवा शौचावरील ताबा जाणे अशी लक्षणे गळतीसोबत एकाएकी सुरू झाली, तर मणक्यातील नसांवर दाब आलेला असू शकतो. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात आणले पाहिजे.

मोठी तपासणी कोणाला?

नळ्यांद्वारे मूत्राशयातील व पोटातील दाब मोजणारी यूरोडायनॅमिक तपासणी मोठ्या रुग्णालयांत उपलब्ध असते. ती खर्चाची आणि काहीशी त्रासदायक आहे. नातेवाईक पुष्कळदा विचारतात की ती केल्याविना निदान पक्के कसे मानावे? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका अभ्यासातून मिळाले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खोकल्याच्या चाचणीत गळती दिसलेल्या आणि अन्य गुंतागुंत नसलेल्या ६३० स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाची शस्त्रक्रियेआधी केवळ साधी तपासणी झाली, तर दुसऱ्या गटाची त्याशिवाय यूरोडायनॅमिक तपासणीही झाली. वर्षभरानंतर दोन्ही गटांत यशाचे प्रमाण सुमारे ७७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले.

याचा अर्थ मोठी तपासणी निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. पूर्वीची शस्त्रक्रिया अयशस्वी ठरली असेल, गळती मिश्र असेल, लघवी शिल्लक राहत असेल किंवा मज्जासंस्थेचा आजार असेल, तर तिची गरज भासते. साध्या रुग्णाच्या बाबतीत मात्र नीट विचारलेले प्रश्न, वही आणि खोकल्याची चाचणी एवढ्यावर निदान उभे राहू शकते.

निदान चुकले तर

दाबजन्य गळतीचा पहिला उपचार व्यायाम हा आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामांकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. आज दिला जाणारा सल्ला असा आहे की शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली किमान तीन महिने, दिवसातून तीन वेळा, दर वेळी निदान आठदा हे स्नायू आवळावेत. स्थूल स्त्रियांना वजन घटवल्यानेही लाभ होतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात सरासरी आठ टक्के वजन घटवलेल्या गटात गळतीचे प्रसंग जवळजवळ निम्म्याने कमी झाले. एवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवण्याची पद्धत १९९० च्या दशकात रूढ झाली. काही स्त्रियांना जाळीमुळे दीर्घकाळ वेदना झाल्याच्या तक्रारींनंतर २०१८ साली इंग्लंडमध्ये तिचा वापर स्थगित करण्यात आला होता. म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी तिचे लाभ, धोके आणि पर्याय रुग्णाला समजावून सांगणे आवश्यक आहे.

घाईच्या गळतीत आधार देणारी ही शस्त्रक्रिया निरुपयोगी असते आणि घाई वाढवूही शकते. तेथे लघवीच्या वेळा हळूहळू लांबवण्याचे प्रशिक्षण, चहा-कॉफी कमी करणे आणि औषधे यांचा उपयोग होतो.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. गर्भाशय काढणे हा लघवीच्या गळतीवरील उपचार नव्हे. ओटीपोटाच्या कोणत्याही तक्रारीवर 'पिशवी काढून टाका' असा सल्ला ऐकण्याची आपल्या समाजाला सवय झाली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या स्त्रीची गळती एका वहीने आणि एका खोकल्याने ओळखता आली असती, तिने अवयव गमवावा आणि कपडे तरीही ओलेच राहावेत, यासारखी दुर्दैवी गोष्ट नाही.

कुटुंबीयांना आणि दात्यांना

घरातील आई, सासू, सून किंवा बहीण एकाएकी प्रवास टाळू लागली, पाणी कमी पिऊ लागली, रात्री वारंवार उठू लागली, तर तिला एकांतात आणि आपुलकीने विचारावे. बाळंतपण किंवा वय यांमुळे 'असे व्हायचेच' म्हणून गप्प बसवू नये. तपासणीला येताना तीन दिवसांची वही, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि जुनी शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत आणावीत. तिची इच्छा असेल तर बोलताना नातेवाइकांनी बाहेर थांबावे.

विश्वस्त आणि देणगीदार यांच्यासाठी या विषयातील गरजांची यादी लहान आहे. आतून बंद होणारे दार आणि पडदा असलेली तपासणीची खोली. तिला लागूनच स्वच्छ शौचालय. मोजपात्रे आणि मराठीत छापलेल्या नोंदवह्या. व्यायाम शिकवणारी प्रशिक्षित परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट. आणि प्रत्येक रुग्णासाठी घाई न करता दिलेली वीस मिनिटे. यांतील एकाही गोष्टीवर दात्याच्या नावाची मोठी पाटी लावता येत नाही. तरीही या वीस मिनिटांत एखाद्या स्त्रीची अनेक वर्षे न बोललेली तक्रार प्रथमच पूर्ण ऐकली जाते आणि तिच्यावर योग्य तोच उपचार सुरू होतो.